आधी वसतिगृह, मग वर्ग

जुलै महिन्यात छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरणाऱ्या गर्दीत कॉलेजचा नवा विद्यार्थी ओळखू येतो तो हातातल्या फायलीवरून. बटणाची प्लास्टिकची फाइल, आणि तिच्यात साऱ्या घराची कागदोपत्री हकिकत. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, तहसिलातून आणलेला उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचं प्रमाणपत्र, पडताळणी झाली असेल तर ती, नसेल तर अर्जाची पोच, पासबुकाची झेरॉक्स, आधार कार्डाच्या चार-पाच प्रती आणि पासपोर्ट फोटोंचं छोटं पाकीट. सिल्लोड, कन्नड, वैजापूर, गंगापूर, पैठण, सोयगाव, शिवाय जालना आणि बीडकडची ही मुलं. यातल्या कित्येक घरांत बारावीच्या पुढे शिकायला निघालेलं हे पहिलंच माणूस. सोबत वडील किंवा मामा असतो, आणि बऱ्याचदा त्याचंही कॉलेजच्या आवारातलं हे पहिलंच पाऊल.

प्रवेश होतो. पावती मिळते. मामा संध्याकाळच्या एसटीने परत जातो, आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो. गुणवत्ता यादी, फेऱ्या, जागा, आरक्षण, फी यांवर आपण वर्षानुवर्षं बोलत आलो. आत आलेला मुलगा तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडावा म्हणून कॉलेजने वर्गाबाहेर काय करायचं, यावर मात्र फार कमी बोलतो. त्याने राहायचं कुठे, जेवायचं काय, शिष्यवृत्ती कशी मिळवायची, इंग्रजी पुस्तक पाहून छाती दडपली तर कोणाकडे जायचं, घरून 'परत ये' असा फोन आला तर काय करायचं, या साऱ्यात त्याला हात देणारी जी व्यवस्था असते, तिच्याविषयी हे प्रकरण आहे. महाराष्ट्राला ती नवी नाही. या प्रश्नाचं फार चांगलं उत्तर इथल्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वीच शोधलं होतं, आणि त्यातला एक मोठा प्रयोग याच शहरात, छावणीतल्या लष्करी बराकींमध्ये झाला.

गावाहून आलेल्या मुलाच्या पोटाचा प्रश्न आपल्याकडे पूर्वीही ओळखला गेला होता. जुन्या काळी गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. माधुकरी मागत. त्या अन्नावर माणसं शिकली आणि मोठी झाली. पण ही सोय जातीच्या उंबऱ्याआड राहणारी होती. ज्या मुलाला कोणी ओसरीवरही येऊ देत नव्हतं, त्याने वार कुठे लावायचा? म्हणून बहुजन आणि दलित समाजाच्या शिक्षणाचा महाराष्ट्रातला इतिहास लिहायचा, तर आधी वसतिगृहांचा लिहावा लागतो. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह सुरू केलं आणि पुढच्या वर्षांत एकेका समाजाच्या वसतिगृहाला आधार देत गेले. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीचं मिस क्लार्क वसतिगृह 1908 चं. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 1924 मधल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं.

बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली जुलै 1924 मध्ये, आणि पुढच्याच जानेवारीत सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. मुलगा शाळेत टिकतो कशाने, हे बाबासाहेबांना स्वानुभवाने ठाऊक होतं. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती त्यांना होती, आणि पुस्तकं, कपडे देऊन पाठीशी उभे राहणारे प्राध्यापक मुल्लरही होते. पैसा आणि माणूस, दोन्ही.

इथे तारखा जरा शेजारी ठेवून पाहाव्यात. कर्मवीरांचं बोर्डिंग 1924 चं आणि साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 चं. सोलापूरचं वसतिगृह 1925 चं आणि मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज 1946 चं. दोन्हीकडे मध्ये वीसहून अधिक वर्षं आहेत. कर्मवीर आणि बाबासाहेब, दोघेही आधी मुलांना टिकवायला शिकले आणि मग त्यांना पदवीपर्यंत नेणारं कॉलेज काढलं. त्यामुळे त्यांची कॉलेजं निघाली तीच निराळी. साताऱ्यात 'कमवा आणि शिका' हा पायाच होता. शेतात, बांधकामावर काम करणारा मुलगा त्याच कॉलेजचा विद्यार्थी होता आणि त्या कामात कमीपणा मानला जात नव्हता. सिद्धार्थमध्ये वर्ग सकाळी भरत, म्हणजे कचेरीत कारकुनी करणाऱ्या तरुणाला शिकून वेळेवर कामावर जाता येई. कॉलेजची वेळ विद्यार्थ्याच्या पोटापाण्याकडे बघून ठरवावी, ही साधी गोष्ट आजही फार ठिकाणी सुचत नाही.

नागसेनवन

मराठवाड्याची परिस्थिती मुंबई-साताऱ्याहून अवघड होती. हा भाग निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं ते सप्टेंबर 1948 मध्ये. तोवर औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उच्च शिक्षण म्हणजे 1923 पासूनचं उस्मानिया विद्यापीठाचं इंटरमीजिएट कॉलेज. त्यापुढे शिकायचं तर हैदराबाद गाठायचं. शिकवण्याची भाषा उर्दू. विलीनीकरणानंतर उस्मानियाने इंग्रजी माध्यम घेतलं, म्हणजे घरी मराठी बोलणाऱ्या मुलासमोर एका परक्या भाषेच्या जागी दुसरी येऊन उभी राहिली. गावोगावच्या दलित वस्त्यांत तर मॅट्रिकपर्यंत पोचलेला मुलगाच शोधून काढावा लागत होता.

अशा ठिकाणी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून 1950 मध्ये कॉलेज सुरू केलं. स्वतःची इमारत नव्हती, म्हणून छावणीतल्या बराकी घेतल्या. कायमच्या इमारतीची कोनशिला 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. कॉलेजचं नाव मिलिंद महाविद्यालय आणि परिसराचं नागसेनवन. दारं सर्व जातिधर्मांच्या मुलांना उघडी होती. तरी ते उभं राहिलं होतं ते ज्यांच्या घराण्यात अक्षराची ओळखही नव्हती अशांसाठी. मराठवाड्याच्या खेड्यांतून, विदर्भातून, खानदेशातून मुलं तिथे आली.

नागसेनवनाचं महत्त्व मला वाटतं ते एका गोष्टीमुळे. तिथे मदत कॉलेजच्या रचनेतच होती. वसतिगृह आवारात होतं. भारत सरकारची अनुसूचित जातींसाठीची शिष्यवृत्ती 1944 मध्ये सुरू झालेली होती, आणि ज्याला ती मिळते असा मुलगा शेजारच्या खोलीतच राहत होता. अर्ज कधी निघतात, कोणत्या साहेबाची सही लागते, पैसे उशिरा आले तर महिना कसा काढायचा, हे वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना सांगत. गावात जातीवरून ज्याला पाणवठ्यावरून हाकललं होतं, तो मुलगा इथे इतरांच्या शेजारी पुस्तक उघडून बसत होता, आणि आपण इथले आहोत हे त्याला कोणाला पटवून द्यावं लागत नव्हतं. आज ज्या मानसिक आधाराविषयी आपण वेगळे कक्ष उघडतो, त्याचा मोठा वाटा हाच असतो.

आणखीही एक होतं. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नावाचं नाटक लिहिलं आणि कॉलेजच्या मुलांनी ते उभं केलं. डॉ. म. ना. वानखडे यांच्यासारखे प्राचार्य आणि गंगाधर पानतावणे यांच्यासारखे मराठीचे प्राध्यापक तिथे शिकवत होते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' हे नियतकालिक निघालं ते याच वातावरणातून, आणि पुढच्या दलित साहित्यातली कितीतरी नावं प्रथम त्या अंकांतून वाचकांसमोर आली. नाटक, भित्तिपत्रक, नियतकालिक यांना आपण अवांतर कार्यक्रम म्हणून शेवटच्या पानावर टाकतो. पण ज्याच्या घरी कोणी कधी लिहिलेलं नाही, त्याला आपलं लिहिलेलं छापून आलेलं दिसणं ही शिक्षणात टिकण्याची फार बळकट कारणं पुरवणारी गोष्ट आहे. माझ्या मते ग्रंथालय आणि खानावळ यांच्याइतकंच ते गरजेचं आहे.

पुढे 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं, आणि 14 जानेवारी 1994 पासून त्याच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. शहरात कॉलेजं वाढत गेली, तालुक्याच्या गावी पोचली. मुलींची संख्या वाढली. सरकारने मदतीचा फार मोठा भार उचलला, आणि हे कमी लेखण्यासारखं मुळीच नाही. किलेअर्कला मुलांचं मोठं शासकीय वसतिगृह आहे. शिष्यवृत्त्या आहेत, शुल्कमाफी आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना आहे आणि इतर प्रवर्गांसाठी त्याच धर्तीच्या योजना निघाल्या आहेत. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कुटुंबांतल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण या प्रवासात मदतीचं रूप बदललं. आवारात समोर दिसणारी गोष्ट अर्जामागे गेली.

ओटीपी येतो तो वडिलांच्या फोनवर

स्वाधार योजनेचा हिशेब सांगतो, कारण ती चांगली योजना आहे आणि तिच्यातून हा बदल नीट दिसतो. छत्रपती संभाजीनगरसारख्या विभागीय शहरात तिची मूळ रक्कम वर्षाला 51,000 रुपये ठरली: जेवणासाठी 28,000, राहण्यासाठी 15,000 आणि इतर खर्चासाठी 8,000. कॉलेजचं वर्ष दहा महिन्यांचं धरलं तर जेवणाला महिन्याला 2,800 आणि खोलीला 1,500 रुपये. बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, जयसिंगपुरा या विद्यापीठालगतच्या वस्त्यांत तीन-चार पार्टनरनी मिळून खोली घेतली आणि दोन्ही वेळचा मेसचा डबा लावला, तर ही रक्कम मोठा आधार ठरते. अडचण पैसे हातात येण्याच्या वेळेची आहे. खोलीचं डिपॉझिट जुलैत द्यावं लागतं, मेसवाले काका पहिल्या आठवड्यात आगाऊ मागतात. योजनेचा हप्ता अर्ज, छाननी, हजेरी, मंजुरी या क्रमाने येतो. वसतिगृहात ताट पहिल्या संध्याकाळी समोर यायचं. खात्यावर येणाऱ्या रकमेच्या बाबतीत मात्र पहिले काही महिने घरच्यांनी काढायचे असतात, आणि ज्या घराला तेच जमत नाही त्या घरच्या मुलासाठीच ही योजना आहे.

अर्ज भरणं हेही नवख्यासाठी सोपं नाही. सोयगाव तालुक्यातल्या एखाद्या गावातून आलेली, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची मुलगी डोळ्यांसमोर आणू. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला ती कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत बसली आहे. आधार क्रमांक टाकला की ओटीपी येतो आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तिच्या आधारला जोडलेला नंबर आहे वडिलांचा. वडील कपाशीत आहेत. शिवारात रेंज येते-जाते. ती फोन लावते, वडिलांना मेसेज उघडायला सांगते, ते म्हणतात "थांब गं माय, चष्मा घरी राहिलाय," मग बांधावरून जाणाऱ्या कोणाला तरी हाक मारून आकडे वाचून घेतात, आणि तोवर वेळ संपलेली असते. पुन्हा ओटीपी. पाठीमागे रांग आहे. शेवटी अर्ज भरला जातो. काही दिवसांनी कळतं की बँक खातं आधारशी जोडलेलं नाही, किंवा दाखल्यावरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक आहे म्हणून अर्ज परत आलाय. परत आल्याचं दिसतं ते पोर्टलवर लॉगिन केल्यावर. पुन्हा लॉगिन करायचं असतं हे तिला माहीत नसलं, तर तो अर्ज तिथेच पडून राहतो.

यात कोणाची वाईट वृत्ती नसते. पैसे मधल्या कोणाच्या हाती न जाता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जावेत, हा पोर्टलचा हेतू योग्यच आहे. कॉलेजमधला शिष्यवृत्ती विभागाचा लिपिक शेकडो अर्ज एकट्याने तपासत असतो, आणि त्यातले बरेच लिपिक जीव तोडून काम करतात. पण ज्याला माहीत आहे त्यालाच मिळेल, अशी ही मांडणी आहे. शिकलेल्या घरातल्या मुलाला काका-मावशी सांगतात. पहिल्या पिढीच्या मुलाला सांगणारं कोणी नसतं, आणि विचारावं तर काय विचारायचं हेच कळत नाही. त्याने न विचारता त्याच्यापर्यंत पोचणं हेच विद्यार्थी साहाय्याचं मूळ काम आहे.

कॉलेजची भाषाही वेगळीच. बारावीपर्यंत विषय आणि मार्क एवढंच माहीत असतं. पदवीला आल्याबरोबर मेजर, मायनर, क्रेडिट, इंटर्नल, एबीसी आयडी, बोनाफाईड, हॉलतिकीट, एटीकेटी असे शब्द कानांवर आदळतात. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झाल्यावर त्यांत भरच पडली. एटीकेटीचंच घ्या. एखाद्या विषयात राहिलं तरी नियमाच्या चौकटीत पुढच्या वर्गात जाता येतं आणि तो विषय नंतर सोडवता येतो. पण शाळेत मुलगा शिकून आलेला असतो की राहिला म्हणजे नापास, आणि नापास म्हणजे शिक्षण संपलं. पहिल्या सत्राच्या निकालात एका विषयापुढे खूण दिसली की तो सामान बांधतो. घरीही तेच समजतात. दोन मिनिटांच्या बोलण्याने जे थांबलं असतं, ते कोणी बोललंच नाही म्हणून घडून जातं.

मराठवाड्यात पहिल्या सत्राचा काळही वाईट पडतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडची, जालन्याकडची कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मागे राहतात म्हातारी माणसं, धाकटी भावंडं आणि जनावरं. ज्या घरी हे नाही, तिथे कापूस वेचणीला आलेला असतो. मजुरी परवडत नाही, म्हणून मुलांनाच बोलावून घेतात. दिवाळीला घरी गेलेली मुलगी सुट्टी संपली तरी आठवडाभर थांबते, मग पंधरा दिवस, आणि त्याच सुमारास सत्र परीक्षेचे फॉर्म सुटतात. तिची अनुपस्थिती हजेरीपटावर नुसती गैरहजेरी म्हणून उमटते. कारण तिथे लिहायला जागाच नसते.

न्यूयॉर्कचा बसपास

अर्ध्यावर सुटणाऱ्या मुलांचा हा प्रश्न आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत ज्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात, ती दोन वर्षांची, कमी फीची, स्थानिक मुलांना सहज प्रवेश देणारी कॉलेजं. इलिनॉय राज्यातलं जोलिएट इथलं 1901 चं कॉलेज त्यांतलं पहिलं मानतात. भारतातही या धर्तीवर 1990 च्या दशकात पुदुच्चेरी आणि चेन्नईत प्रयोग सुरू झाले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे त्यासाठी योजनाही आणली. पण आपल्याकडे ते काम खऱ्या अर्थाने तालुक्याची आणि जिल्ह्याची साधी कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजंच करतात. अमेरिकेतल्या या कॉलेजांचं दुखणं आपल्यासारखंच आहे. प्रवेश सगळ्यांना मिळतो, पूर्ण करणारे थोडे.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये यावर एक उपक्रम सुरू केला. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, ओळखतात एसॅप या नावाने. त्यात नवं तत्त्वज्ञान काही नाही. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचं. शिष्यवृत्तीनंतर उरलेली फी कॉलेज भरणार. पुस्तकांना मदत. प्रत्येक विद्यार्थ्याला एक सल्लागार, आणि त्या सल्लागाराकडे 60 ते 80 च विद्यार्थी. एरवी तिथे एकेका सल्लागाराकडे सहाशेपासून दीड हजारापर्यंत मुलं असत. आणि दर महिन्याला मेट्रो-बसचा पास मोफत. हा उपक्रम खरोखर उपयोगी आहे का, हे तपासायला एका संशोधन संस्थेने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला ही सारी मदत आणि दुसऱ्याला कॉलेजची नेहमीची. तीन वर्षांनी नेहमीच्या गटातले सुमारे 22 टक्के विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडले होते, मदतीच्या गटातले सुमारे 40 टक्के. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढा फरक क्वचितच दिसतो. नंतर ओहायो राज्यातल्या तीन कॉलेजांनी तोच साचा वापरला, आणि तिथेही उत्तीर्णांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं.

या उपक्रमातला मला सर्वांत आवडलेला भाग बसपासचा आहे. पास दर महिन्याला हवा असेल तर सल्लागाराला भेटत राहणं भाग असे. भेट झाली की चौकशी होते: वर्गाला जातोस ना, गणित जमतंय का, नोकरीचे तास वाढलेत का, घरी बरं आहे ना? मुलगा अडचण सांगायला आपणहून आला नसता. पासासाठी तो येतोच, आणि अडचण लहान असतानाच कोणाच्या तरी कानावर पडते.

आपल्याकडे तर एसटीच्या पासाची पद्धत कधीपासूनची आहे. विद्यार्थ्यांना मासिक पासावर दोन तृतीयांश सवलत आहे. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. बारावी झाली की ती सोय संपते, आणि नेमकं तेव्हाच गावापासूनचं अंतर वाढतं. पैठणहून शहर पन्नासेक किलोमीटर. रोज ये-जा करणारी मुलगी पहाटे घर सोडते, शेवटची गाडी चुकली तर काय या धास्तीने दुपारचं प्रात्यक्षिक अर्धवट टाकून निघते, आणि प्रात्यक्षिकं बुडली म्हणून मागे पडते. पासासाठी लागणारं बोनाफाईड कॉलेजच देतं. म्हणजे दर काही दिवसांनी हे विद्यार्थी कॉलेजच्या खिडकीशी येतातच. त्या खिडकीत शिक्का मारून कागद परत देण्याऐवजी एखादा शिक्षक बसला आणि त्याने चार प्रश्न विचारले, तर त्याला वेगळी इमारत लागत नाही, की नवी योजनाही.

कागदावर आपल्याकडे याची तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी 'दीक्षारंभ' हा परिचय कार्यक्रम आखून दिला. प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी वाटून घेतलेले मार्गदर्शक शिक्षक असतात आणि त्यांच्या नोंदवह्या असतात. सामाजिक न्याय विभागाच्या पुढाकाराने समान संधी केंद्रं निघाली आहेत. विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ आहे, 'कमवा व शिका' आहे. पण बऱ्याच कॉलेजांत कायम शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, आणि तासिका तत्त्वावर शिकवणारा शिक्षक तास संपला की दुसऱ्या कॉलेजकडे धावत असतो. त्याला तासाचे पैसे मिळतात, मुलाशी अर्धा तास बोलल्याचे मिळत नाहीत. मुलाला नावाने ओळखणारा माणूस तीन वर्षं एका जागी राहायला हवा असेल, तर त्या जागा भरायला हव्यात. विद्यार्थी साहाय्याची चर्चा शिक्षकभरतीला वगळून करणं मला अप्रामाणिक वाटतं.

पैसा फार नसतानाही काय होऊ शकतं, याचं पुण्यातलं उदाहरण आहे. अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने ग्रामीण भागातल्या गरजू मुलांना राहण्याची-जेवणाची सोय दिली, त्यांना कामाची सवय लावली आणि मोठ्या माणसांशी ओळखी करून दिल्या. तिथून बाहेर पडलेले विद्यार्थी पुढे समितीचे देणगीदार, कार्यकर्ते झाले. मिलिंदच्या वसतिगृहातही वरच्या वर्गातला मुलगा खालच्याला हात देत होता. आज हेच करायचं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांमधून, शक्यतो त्याच तालुक्याची, पाच-सात जणं निवडावीत. 'कमवा व शिका'मध्ये त्यांना बाग-कार्यालयाच्या कामाऐवजी हे काम द्यावं, आणि त्याचा मोबदला द्यावा. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना नव्या मुलीशेजारी बसायचं. खातं आधारशी जोडायला तिच्याबरोबर बँकेत जायचं. वडिलांचा फोन चालू राहील अशी वेळ आदल्या रात्रीच ठरवायची. पोर्टलवर अर्ज परत आलाय का, हे दर आठवड्याला बघायचं. हे काम प्राध्यापकाहून त्यांनाच जास्त चांगलं जमतं, कारण गेल्याच वर्षी ते यातून गेलेले असतात.

आणि एक यादी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात करायची. पहिल्या वर्षाचे कोण परत आले नाहीत? नावापुढे गाव, घरचा फोन, नियमित येत असलेल्या एखाद्या मैत्रिणीचं किंवा मित्राचं नाव. फोन कॉलेजच्या कारकुनाने करण्यापेक्षा ओळखीच्या माणसाने करावा आणि पहिलं वाक्य हजेरीचं नसावं. घरचे ऊसतोडीला गेले असतील, तर परीक्षेचा फॉर्म तिच्या वतीने भरता येतो का, हे विचारून ठेवावं. नवीन धोरणाने पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन थांबण्याची आणि नंतर परत येण्याची वाट ठेवली आहे. मिळवलेली क्रेडिट्स अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसीत, सात वर्षांपर्यंत धरली जातात. ज्या मुलीचं लग्न ठरलंय, ज्या मुलाला वाळूजच्या कंपनीत कामाला लागावं लागतंय, त्यांना हे आज कोणी सांगत नाही. परत यायचं झालं तर कोणाला भेटायचं, कोणता फॉर्म भरायचा, वर्ष वाया जाणार नाही ना, एवढं त्या फोनवरच सांगावं, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच यादीवरून पुन्हा एकदा फोन लावावा.